सालिमची एअर रायफल आणि माझा नेम

मी आजवर एकही प्राणी मारलेला नाही. त्यात पंचशीलाचा वाटा किती आणि माझ्या नेमाचा वाटा किती, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. माझ्या बायकोच्या, म्हणजे सुजाताच्या मते सगळं श्रेय नेमाचं. रोज सकाळी बुद्धांच्या मूर्तीपुढे उभं राहून जीवहिंसेपासून दूर राहण्याचं शील घेणाऱ्या माणसाने बंदुकीच्या भानगडीत पडायलाच नको होतं. मी पडलोही नसतो. पण आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी असते, आणि जेवणाच्या सुट्टीत माणूस बोलतो.

कारखाना इथे आखातात, रुसैलला, प्लास्टिकच्या पाइपांचा. मी तिथे क्वालिटी विभागात इंजिनिअर आहे. पाइपाचा आतला व्यास आणि त्यात बसणारं फिटिंग एकमेकांना जुळतं की नाही, हे मोजत बसणं हे माझं काम. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याची मला फार लाज वाटणार आहे.) आमचा प्रॉडक्शन मॅनेजर सालिम हा इथलाच, रुस्ताक गावचा. उंच, शांत, आणि भारतीयांशी त्यांच्याच हिंदीत बोलायची हौस असलेला. तो एक दिवस जेवताना गप्प होता, म्हणून मी विचारलं, आणि माझ्या अधःपतनाला सुरुवात झाली.

गोष्ट अशी होती. रुस्ताकला सालिमच्या खजुराच्या बागेत दर मोठ्या ईदला दोन घरांची नेमबाजी होते. एक घर सालिमच्या वडिलांचं, म्हणजे हमूदबाबांचं. दुसरं त्यांच्या जावयाचं, नासिरचं. गावात मोठ्या बंदुकांची स्पर्धा वेगळी होते. ही आपली घरगुती, एअर रायफलची. जिंकणाऱ्या घराकडे वर्षभर एक पितळी दल्ला राहतो. दल्ला म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली. ही किटली हमूदबाबांच्या वडिलांची, आणि गेली बरीच वर्षं ती नासिरच्या बैठकीत मुक्कामाला होती. हमूदबाबा लेकीला भेटायला गेले की जावई त्यांच्याच बापाच्या किटलीतून त्यांना कॉफी ओतायचा आणि वर म्हणायचा, "घ्या, लाजू नका, आपलीच आहे."

"बाबा अब बुड्ढा हो गया," सालिम म्हणाला. "हाथ ऐसा-ऐसा करता." त्याने हात थरथरवून दाखवला. "एक बार किटली घर आना. बस. खलास."

मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काहीतरी बोलून जातो. मी म्हणालो, "मैं कॉलेज में एन.सी.सी. में था. रायफल चलाया है."

यात खोटं काही नव्हतं. नांदेडला कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होतो आणि एकदा फायरिंग रेंजवर सगळ्यांसोबत आडवा पडून मीही गोळ्या झाडल्या होत्या. नंतर टार्गेटं तपासली तेव्हा माझ्या टार्गेटवर एकही भोक नव्हतं, आणि माझ्या शेजारी पडलेल्या मुलाच्या टार्गेटवर त्याला दिलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं होती. त्याला बक्षीस मिळालं. तो आजही माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करतो.

हा तपशील मी सालिमला सांगणार होतो. पण त्याचा घास हातातच राहिला होता.

"इंडियन आर्मी?"

"नहीं, नहीं. कॉलेज में."

"कॉलेज में आर्मी," सालिमने समजून मान हलवली. संध्याकाळच्या बसपर्यंत आख्ख्या कारखान्यात मी सैन्यातून आलो होतो. एका सुरक्षारक्षकाने मला सलाम ठोकला आणि मी (माणूस किती वाया जातो पाहा) तो परत ठोकला.

सालिमच्या जुन्या एअर रायफलची स्प्रिंग गेली होती. परवान्याचे कागद त्याने करून ठेवलेच होते; आता नवीन रायफल निवडायची होती आणि ती मी निवडायची होती. अट एकच. ईदला नेमबाजीसाठी चालली पाहिजे आणि बाकीचं वर्षभर खजूर खाणाऱ्या कावळ्यांच्या शिकारीला. एकात दोन.

मी रात्रंदिवस व्हिडिओ पाहायला लागलो. त्यातून मला इतकं कळलं की एअर रायफल मुख्यतः दोन मापांत येते. साडेचार मिलिमीटरची नेमबाजीसाठी, कारण तिचा छर्रा हलका आणि सरळ जाणारा. साडेपाच मिलिमीटरची शिकारीसाठी, कारण तिचा छर्रा जड. हे एवढं कळल्यावर बाकीचं कळून घ्यायची मला गरज वाटली नाही.

"शिकार?" सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि सकाळी मूर्तीपुढे काय म्हणता तुम्ही?"

"मी फक्त निवडून देणार. मारणार सालिम."

"म्हणजे शील तुमचं आणि पाप त्याचं?"

"अगं, कावळे आहेत."

"कावळे काय प्लास्टिकचे असतात?"

आमची मुलगी सांची नववीत आहे. ती शाळेत इंग्रजी बोलते आणि घरात मराठी जपून वापरते, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखी. ती म्हणाली, "पप्पा, but तुम्ही तर… तुमचं सगळं बाजूच्या मुलाला गेलं होतं ना? NCC मध्ये? ती story?"

"ती गोष्ट घरातली आहे," मी म्हणालो. "बाहेर सांगायची नाही."

बंदूक घरात येणार नाही, सालिमकडेच राहील, असं मी शपथेवर सांगितलं तेव्हा सुजाता जरा निवळली. आणि निवळल्याबरोबर सल्ला द्यायला लागली, कारण कुठल्याही वस्तूची खरेदी चालू असताना आमच्या घरात कोणी तटस्थ राहू शकत नाही. "वजन बघून घ्या," ती म्हणाली. "कुकर घेताना आपण काय बघतो? हलकं भांडं टिकत नाही."

पुढच्या सुट्टीला आम्ही सगळे सालिमसोबत रुस्ताकला गेलो. बाजारात शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाचं एक दुकान होतं. चाकू, दोर, चटया, टॉर्च, आणि मागच्या भिंतीवर साखळीने बांधलेल्या रायफली. काउंटरवर अन्वरभाई म्हणून विक्रेते होते. आमचं मराठी ऐकताच ते पुढे आले.

"तुमी कुठले? आमी दापोलीचे. पैले मासळीची जाळी विकायचो, आता ह्ये. बसा, चाय सांगतो."

मी त्यांना विचारलं, "दोन्ही कामाला चालेल अशी कुठली?"

"दोनी कामाला सगल्याच चालतात वो."

"पण नेमबाजीला साडेचार बरी ना?"

"साडेचारच बरी."

"आणि शिकारीला साडेपाच."

"मंग साडेपाचच घ्या," अन्वरभाई म्हणाले. ते माणूस म्हणून फार चांगले होते. कोणाचंही मन मोडत नसत.

"मिलिंद मालूम," सालिम अभिमानाने म्हणाला. "मिलिंद आर्मी."

अन्वरभाईंनी माझ्याकडे नव्या नजरेने पाहिलं आणि दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. एक सडसडीत, हलकी, साधी. दुसरी काळी, जाडजूड, वर भलीमोठी दुर्बीण बसवलेली. मी पहिली उचलली. सुजाताने मागून नाक मुरडलं. मी दुसरी उचलायला गेलो, ती पहिल्या प्रयत्नात उचलली गेली नाही. सुजाताने मान डोलावली. मी लाकडावर बोटाने टकटक केली, नळीला डोळा लावला, दस्ता हुंगला (का, ते मला आजही सांगता येणार नाही) आणि म्हणालो, "यही."

ती साडेपाचची होती. मग छर्रे घ्यायची वेळ आली, आणि इथे मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. रायफल शिकारीची झाली. मग नेमबाजीचं काय? एकात दोन हवं होतं ना? मी म्हणालो, "रायफल साडेपाचची घेतली, तर छर्रे साडेचारचे घेऊ. म्हणजे बॅलन्स होईल."

"बॅलन्स झालाच पायजे," अन्वरभाई म्हणाले आणि साडेचारच्या छर्ऱ्यांच्या डब्या पिशवीत भरल्या.

बागेत हमूदबाबा खजुराच्या सावलीत चटईवर बसले होते. त्यांनी आम्हाला खजूर दिले, हलवा दिला, छोट्या कपांतून कॉफी दिली. सध्याची किटली स्टीलची होती. कॉफी ओतताना त्यांचा हात थरथरत होता आणि त्यांची नजर त्या स्टीलच्या किटलीवर पडली की लगेच दुसरीकडे वळत होती. मी मनात ठरवलं, यांना यांची पितळी किटली मिळवून द्यायचीच.

सालिमने भिंतीला टेकवून पुठ्ठा उभा केला. त्यावर काळं वर्तुळ. एअर रायफल मधोमध मोडून नळी खाली दाबायची असते, तेव्हा आतली स्प्रिंग ताणली जाते. मी दाबली. नळी हलली नाही. मी गुडघ्यावर ठेवून दाबली, मग झाडाला टेकवून दाबली. शेवटी सालिमने आणि मी मिळून दाबली. छर्रा आत टाकला. तो फार सहज आत गेला. इतका सहज की मला कौतुक वाटलं. मी नेम धरून नळी जरा खाली केली, आणि छर्रा नळीतून घरंगळत बाहेर आला आणि माझ्या चपलेवर पडला.

सगळे चपलेकडे पाहत राहिले.

"प्रॅक्टिस वाला?" सालिमने आदराने विचारलं.

मी दुसरा छर्रा टाकला आणि या वेळी तो पडायच्या आत घोडा दाबला. फुस्स असा आवाज आला आणि छर्रा थोड्या अंतरावर वाळूत जाऊन बसला. पुठ्ठ्यावर एक कावळा येऊन बसला होता. तो जागचा हलला नाही. सुजाता म्हणाली, "शील सांभाळलं तुम्ही."

"पप्पा," सांची म्हणाली, "ती नळी मोठी आहे आणि तो… what's it… छर्रा छोटा आहे. So तो पडणारच ना? तुम्ही ऑफिसमध्ये हेच check करता ना?"

मी तेच करतो. पगार त्याचाच घेतो. साडेपाचच्या नळीत साडेचारचा छर्रा घालण्याची चूक माझ्या विभागातल्या कोणी केली असती तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. सालिमने डबीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोही पाइपांच्याच कारखान्यातला माणूस. पण पाहुण्याला तोंडावर काही म्हणायचं नसतं. "माफी मुश्किल," तो म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही, आणि गाडी काढून डब्या बदलून आणायला गेला. अन्वरभाईंनी साडेपाचचे छर्रे देताना "ह्येच बरोबर" असं सांगितल्याचं त्याने परत आल्यावर कळवलं.

बरोबर मापाच्या छर्ऱ्याने रायफल खरंच उडाली. मी दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवून ठेवला होता. रायफलने मागे झटका दिला आणि दुर्बिणीची कड माझ्या भुवईवर आदळली. भुवईवर चंद्रकोर उमटली, तिच्यातून रक्त आलं, आणि मी खाली बसलो. त्या सगळ्या सरावात त्या रायफलने केलेली शिकार एवढीच. सुजाताने माझ्या भुवईवर हळद दाबली. हमूदबाबा सालिमला अरबीत काहीतरी म्हणाले.

"बाबा बोलता, सिपाही को चोट लगता है," सालिमने सांगितलं. "अच्छा निशानी."

ईदपर्यंत सालिमने त्या रायफलवर हात बसवला. नळी एकट्याने मोडायला शिकला, दुर्बिणीपासून डोळा लांब ठेवायला शिकला. माझं काम संपलं होतं. मी प्रेक्षक म्हणून ईदला जाणार होतो, मटण खाणार होतो आणि टाळ्या वाजवणार होतो. तसं झालं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

ईदच्या दिवशी बागेत दोन्ही घरं जमली. नासिर हसतमुख, गुबगुबीत माणूस. त्याने पितळी किटली सोबत आणली होती आणि सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली होती. भिंतीला दोन पुठ्ठे शेजारी शेजारी लावले होते. डावा हमूदबाबांच्या घराचा, उजवा नासिरच्या घराचा. नियम सोपा. प्रत्येक घराने आपापल्या पुठ्ठ्यावर मारायचं. काळ्या वर्तुळात पडलेली भोकं मोजायची. बरोबरी झाली तर किटली आहे तिथेच राहणार.

सालिमने काळ्यात मारली. त्याच्या भावाने मारली. नासिरच्या लोकांनीही मारली. चढाओढ होत होत नासिरच्या घराचे सगळे नेम संपले, तेव्हा दोन्ही घरं बरोबरीत होती आणि आमच्या बाजूचा एक नेम शिल्लक होता. तो हमूदबाबांचा होता. लागला तर किटली घरी.

हमूदबाबांनी रायफल हातात घेतली. हात थरथरत होता आणि नळी वाऱ्यावरच्या फांदीसारखी हलत होती. त्यांनी ती खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाले.

"बाबा बोलता, मेहमान मारेगा," सालिम म्हणाला. "बाबा का जगह तुम."

मी नको म्हणालो, मला येणाऱ्या तिन्ही भाषांत. सुजातानेही मला वाचवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "भाईसाब, इनकी आँख में चोट है." पण नासिरच उठला आणि मोठ्या मनाने म्हणाला की पाहुण्याने मारायलाच हवं. त्या म्हाताऱ्या माणसाचा आपल्यावर इतका विश्वास आहे, या विचाराने मला पुढे नाही म्हणवेना. मग मी स्वतःला समजावलं: अरे, चुकलं तरी बरोबरीच आहे. या डावात तू हरूच शकत नाहीस.

मी आडवा पडलो. सालिमने रायफल भरून दिली. झटक्याच्या भीतीने मी डोळा दुर्बिणीपासून बराच लांब ठेवला. आधी दुर्बिणीत नुसता अंधार दिसला. मग भिंत दिसली. मग एक मुंगी. मी नळी इकडे तिकडे फिरवली आणि अचानक समोर काळं वर्तुळ आलं. स्वच्छ, गोल, अगदी मधोमध. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी श्वास रोखला (एन.सी.सी.त शिकवलं होतं) आणि हळूच घोडा दाबला.

मी उठलो तेव्हा टाळ्या वाजत नव्हत्या. डाव्या पुठ्ठ्यावर नवं भोक नव्हतं. सालिम जवळ जाऊन पाहून आला आणि म्हणाला, "नहीं." बरोबरी. मी मान खाली घातली. वाईट झालं, पण फार वाईट झालं नाही.

नासिर आपला पुठ्ठा काढायला गेला. त्याने भोकं मोजली. थांबला. परत मोजली. मग पुठ्ठा उचलून सगळ्यांना दाखवला. काळ्या वर्तुळाच्या मध्यात, इतक्या मध्यात की कंपास लावून काढावं, एक नवीन भोक होतं. दुर्बिणीतून एका वेळी एकच वर्तुळ दिसतं. ते कोणाच्या घरचं आहे, हे त्यात दिसत नाही.

"पप्पा," सांची म्हणाली, "NCC मध्ये पण same झालं होतं ना? बाजूच्या मुलाला prize मिळालं?"

ती हे नासिरच्या मुलींच्या शेजारी बसून म्हणाली होती. मुलींनी इंग्रजीत विचारलं, तिने इंग्रजीत सविस्तर सांगितलं, मुलींनी ते अरबीत सांगितलं, आणि माझी सगळी लष्करी कारकीर्द भाषांतरासकट पूर्ण बागेत पसरली. सुजाताने पदराने तोंड झाकलं. ती रडत असेल असं मला आधी वाटलं.

सालिमच्या भावाचं म्हणणं होतं की हे भोक मोजायचं नाही. नासिरचं म्हणणं होतं की तुम्ही म्हणाल तसं. निर्णय घरातल्या वडीलधाऱ्याने द्यायचा असतो, म्हणून सगळे हमूदबाबांकडे वळले. ते पुठ्ठ्याजवळ गेले, वाकून ते भोक पाहू लागले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोक्याचं मुंडासं सुटलं. ते म्हणाले, भोक ज्याच्या पुठ्ठ्यावर, ते त्याच्या घरचं. बरोबरी संपली. नासिर जिंकला.

मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि हात जोडून माफी मागितली. मला खरंच रडू येत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सालिमकरवी सांगितलं, "मेरा हाथ मारता तो दीवार में जाता. तुम्हारा बीच में गया. अच्छा है." तेवढ्यात नासिर पितळी किटली घेऊन आला आणि त्याने सासऱ्याच्याही आधी माझ्या कपात कॉफी ओतली. पुरे झालं की कप हलवायचा असतो, हे मला माहीत होतं. मी हलवत राहिलो. तो ओतत राहिला.

रायफल अजून सालिमकडे आहे. कावळे तिला ओळखतात आणि घाबरत नाहीत. कारखान्यातल्या सुरक्षारक्षकाने सलाम करायचं सोडलं आहे.

आता परत ईद जवळ आली आहे. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सालिम माझ्या टेबलावर येऊन बसला. त्याच्याकडे एक योजना होती. या वर्षी मी नासिरच्या घराकडून नेम मारावा. हमूदबाबांची परवानगी आहे. सुजाताचीही आहे, तिच्या मते यात कुठलंही शील मोडत नाही. फक्त नासिर तयार होत नाही. मिलिंदची जागा हमूदबाबांच्याच घरात आहे, असं तो सगळ्यांना सांगत फिरतो. काल त्याने मला सराव सोडू नको असा निरोप पाठवला, आणि सोबत छर्ऱ्यांची एक डबी. साडेपाचचेच आहेत. या वेळी मी व्यास मोजून पाहिला.